लोणावळ्याची सुंदर पाटी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं लिहिताना हात अडेल. पुण्यात माझा पाट्या रंगवण्याचा धंदा आहे. लोणावळ्याला स्टेशनाच्या कुंपणालगत एका छपरात साळूमावशी भजी तळतात. त्यांच्यासाठी मी आयुष्यातली सर्वांत देखणी पाटी रंगवली. पाटी लागली आणि गिऱ्हाईक कमी झालं. मावशींनी शाळामास्तरांकडून कार्ड लिहवून कारण विचारलं. पाटीत दोष असेल हे मनातही न आणता मी उलट कळवलं, "भज्यांत मिरची जास्त होत असावी."

चार महिन्यांनी दुसरं कार्ड आलं. "मिरची काढली. आता जुनी गिऱ्हाइकंही येत नाहीत. पुनवेला जागा सोडते. पाटी तुमची तुम्ही न्या, फार सुंदर आहे."

ते शेवटचे तीन शब्द वाचून मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीत बसलो.

पण खरं सांगू? खडकी मागे पडली आणि मन बेइमान झालं. दिवाळी नुकतीच झालेली, हवेत गारवा, तळेगावच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) पिकून पिवळी झालेली. मावळाचं ते रूप पाहून मी खिडकीत चक्क गुणगुणू लागलो. मळवलीला लोहगड नीट दिसावा म्हणून खाली उतरलो, फलाटाच्या टोकापर्यंत गेलो, आणि वळून पाहतो तो गाडी निघालेली! माझी छत्री माझ्याआधी लोणावळ्याला गेली.

स्टेशनाबाहेर एक म्हातारबाबा पेंढ्यानं भरलेली बैलगाडी घेऊन निघाले होते. त्यांना लोणावळ्यालाच जायचं होतं. मी पेंढ्यावर चढलो.

"काय करता तुमी?" आबांनी विचारलं.

"पाट्या रंगवतो, आबा."

"पेंटर व्हय? मंग आमच्या बैलाला वाईच रंगवा की. लय मळलाय." असं म्हणून स्वतःच हसले. थोड्या वेळानं त्यांनी लांबच्या खाचराकडे चाबूक दाखवला. "ती बघा आमची मंडळी."

मला फक्त मुंगीएवढे ठिपके दिसत होते. "इतक्या लांबून ओळखता?"

"लाल लुगडं न्हाई का! सारं रान पिवळं, त्यात तेवढंच लाल. अजून धा लाल असती, तर मी दुसरीच्याच दारात जेवाया गेलो असतो!"

मी इतका हसलो की पेंढ्यावरून घसरून रस्त्यावर आलो. आणि तिथे धुळीत बसल्या बसल्या माझं हसू थांबलं. माझ्या पाटीवर लाल कुठे कुठे होतं? मोराच्या गळ्यात, कमळांत, वेलीच्या फुलांत, चारही कोपऱ्यांत. आणि 'भजी' हा शब्द? तो मी निळ्यावर हिरव्यानं लिहिला होता, नाजूक दिसावा म्हणून.

लोणावळ्याला पोहोचलो तेव्हा मुंबईकडे जाणारी गाडी येऊन थांबत होती. घाट उतरण्याआधी ती इथे जरा विसावते. मी मावशींकडे न जाता फलाटावरच उभा राहिलो. खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"अगं, मोर बघ मोर! पिसारा कसला काढलाय!" एक गृहस्थ बायकोला म्हणाले.

"खाली काय लिहिलंय?"

"थांब, वाचतो. वेलीत अडकलंय काहीतरी."

शिट्टी झाली. एकही माणूस उतरला नाही.

कुंपणापलीकडून झारा हातात घेतलेल्या मावशींनी मला हाक मारली. "आवो भाऊ! बघितलं न्हवं? रोज असंच. तुमच्या पाटीला लय मान हाय. माझ्याच हाताला चव न्हाई ऱ्हायली."

हे त्या कौतुकानं बोलल्या. मला वाटलं, त्यापेक्षा झारा फेकून मारला असता तर बरं. तिथल्या तिथे सगळं कबूल करायला हवं होतं. पण मी म्हणालो, "मावशी, हवा गार आहे. आज मिरची घाला. आणि चुना आहे का घरात?"

पाटी उतरवली, उलटी केली, मागची कोरी फळी चुन्यानं पांढरी केली. दुपारी ती सुकल्यावर गेरूनं हातभर उंचीची अक्षरं काढली : गरम भजी.

"एवढंच?" मावशी कळवळल्या. "आवो, सारी पाटी मोकळीच ऱ्हायली की! येखादा पोपट तरी काढा."

"नको. मोकळी आहे म्हणूनच शब्द दिसेल."

"पोपट काय खातो व्हय तुमचं?"

पुढची गाडी आली. माना बाहेर निघाल्या आणि लगेच आत गेल्या. दुसऱ्या क्षणी दारं उघडली. लोक कुंपणाकडे धावत सुटले. एका शेटजींची वहाण पायरीवरच राहिली, तरी ते थांबले नाहीत. मिरची लागून डोळ्यांतून पाणी काढत "अजून द्या, अजून द्या!" चाललं होतं. मी पुडे बांधत होतो, तेल हातावर उडत होतं आणि मी वेड्यासारखा हसत होतो. शिट्टी झाली तेव्हा परातीत फक्त चुरा उरला होता.

मावशींनी तो चुरा गोळा करून माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाल्या, "जागा सोडत न्हाई म्हनून मालकाला आजच सांगते. भाऊ, तुमचं उपकार झालं."

उपकार! तो शब्द घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो. एवढ्या वर्षांत मी पाट्या रंगवल्या त्या पाहणाऱ्यांनी मला शाबासकी द्यावी म्हणून, हे मला चाळिशी उलटल्यावर एका बैलगाडीवरून पडून कळलं. आणि एवढं कळूनही तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात मावशी पुडा घेऊन खिडकीपाशी आल्या.

"मावशी," मी सुरुवात केली, "त्याचं असं आहे, की रंगसंगती, रेषांचा तोल आणि पाहणाऱ्याची नजर यांचा विचार करता, माझ्या त्या पत्रातल्या विधानाला तसा काही..."

"काय म्हनता? बिगीनं (लवकर) बोला, गाडी हालली!"

मी अर्धा खिडकीबाहेर वाकलो. अख्खा डबा ऐकत होता.

"मावशी, तुमची भजी पहिल्यापासून चांगलीच होती!" मी ओरडलो. "पाटी वाईट होती, आणि दोष मी तुमच्यावर ढकलला. मला माफ करा!"