चूलबंद आवतन

बहिणीने हक्कसोड लिहून द्यायची आणि भावाने तिचं माहेर राखायचं, हा आमच्याकडचा न बोलता चालत आलेला व्यवहार. तो कुणी शिकवत नाही. वडिलांची तेरवी उरकली, पाहुणे पांगले आणि भाऊ म्हणाला, "उद्या तालुक्याले जाऊन सही करून टाकू." मी म्हणाले, "मी नाही करत सही." इतकंच. भांडण असं झालंच नाही. वहिनी हातातलं ताट घेऊन तशीच आत गेली. भाऊ उठून बैलांना पाणी पाजायला गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा थांबला.

वावर, म्हणजे शेत, कशाला पाहिजे, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं. अकोल्यात माझा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांमध्ये झाला. भिंतीत खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारा, दारात तुळस लावायची तर विचारा. नवरा पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात कामाला. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा मला एकदम वाटलं, की आता नाही तर कधीच नाही. मला माती पाहिजे होती, बस्स. भावाला पटेल असं कारण माझ्याजवळ नव्हतं. पण वावराच्या बदल्यात माहेर जाणार की काय, ही धास्ती एकदा पोटात शिरली ती काही निघाली नाही.

माझ्या वाट्याला नाल्याकडचं दोन एकर आलं आणि त्यातला गुरांचा पडका कोठा. विहीर दोघांत सामाईक. मध्ये धुरा, म्हणजे गवताचा उंच बांध आणि त्यावर एक बाभूळ. धुऱ्यापलीकडे भावाचं वावर. आसेगावच्या आसपास माणसं गावात राहतात आणि वावरात जातात. वावरात राहायला जाणारा एक तर राखणदार असतो, नाही तर डोक्याने सरकलेला. आम्ही तो कोठाच नीट करून त्यात राहायचं ठरवलं. गावाने आम्हाला कशात धरलं, ते मी विचारलं नाही.

मी मुळातच पायाला भिंगरी बांधलेली बाई. "हे एका जागी बसलेली दिसली का समजा तब्येत बिघडली," असं नवरा सगळ्यांना सांगतो. कोठ्याच्या तीन भिंती पाडून नव्या घ्यायच्या होत्या. गवंड्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काळी माती हाय बाई, मुरूम लागेस्तोवर खनू द्या. घाई नोका करू." मला तेवढा धीर कुठला? पावसाच्या आत डोक्यावर छप्पर पाहिजे होतं. कमरेइतकं खणून झालं की मी रोज विचारायची, आता पुरे ना? शेवटी तो कंटाळून म्हणाला, "घर तुमचं हाय." आणि पाया भरला.

विटांचा ट्रॅक्टर वावरापर्यंत आलाच नाही. मोठ्या रस्त्यापासून आमच्याकडे पांदण येते. पांदण म्हणजे गाडीवाट म्हणायची, पण पावसाळ्यात तिच्यात आणि नाल्यात काही फरक राहत नाही. एका वळवाच्या सरीने ट्रॅक्टर तिच्यात रुतला, आणि ड्रायव्हर अर्ध्या वाटेत विटा उतरवून निघून गेला. उरलेली वाट त्या विटा आमच्या डोक्यावरून आल्या. पुढे सगळंच तसं आलं, सिमेंट, छपराची कवेलू, गॅसचं सिलिंडर. नवरा सिलिंडर खांद्यावर घेऊन चिखलातून चालायचा आणि मागून मी दोघांच्या चपला हातात धरून. "अकोल्यात आपल्या दारात घंटागाडी येत होती," तो मधूनच म्हणायचा. मी ऐकलं नाही असं दाखवायची.

पावसाळ्यात दार फुगलं. लागेना. नवऱ्याने रंधा मारून ते बेताचं केलं आणि दोन दिवस स्वतःवर फार खूश होता. हिवाळ्यात दार पुन्हा आक्रसलं आणि खालच्या फटीतून शेजारच्या वावरातली मांजर सरळ चालत आत यायला लागली.

मी एक काम धरायची, तोवर दुसरं दिसायचं. डुकरं येतात म्हणून कुंपणाचे खांब रोवायला घेतले, ते अर्धे असताना संडासाचा खड्डा खणायला लावला, तो तसाच टाकून कोंबड्यांचं खुराडं. एक ना धड, भाराभर चिंध्या. नवरा म्हणायचा, एकतरी पुरं कर. त्याला कसं सांगू, हात थांबले की नजर धुऱ्याकडे जाते म्हणून. पलीकडे भाऊ वाकून काम करत असायचा. त्याची पाठ हुबेहूब वडिलांसारखी होती, आणि ती पाठ मला दिवसभर दिसायची.

तो बोलायचा, पण नवऱ्याशी. मी टोपलं घेऊन तिथंच उभी असायची, अगदी हाताच्या अंतरावर, आणि भाऊ धुऱ्यावरून म्हणायचा, "जवाई, घरात सांगा, उद्या मोटरीची पाळी माही हाय."

नवरा माझ्याकडे वळायचा. मी म्हणायची, "त्याईले सांगा, आयकलं."

नवरा तिकडे वळायचा. "आयकलं म्हनते."

"सांगा म्हनावं, मागच्या खेपेले पाइप उघडाच ठेवला होता."

"सांगा त्याईले, तो मी नाही ठेवला, डुकरायनं तुडवला."

घरात आल्यावर नवरा मान चोळत म्हणायचा, "दोघायच्या मधात मी तं टेलिफोन होऊन राह्यलो. बिल कोन भरते माहं?" मी हसायची. हसून झालं की रडू यायचं, म्हणून मी उठून काहीतरी कामाला लागायची.

पहिल्या वर्षी सोयाबीन पेरलं. पेरून घेतलं भाड्याच्या ट्रॅक्टरने. पण सोयाबीन वितभर झालं आणि झड लागली. पाऊस उघडायलाच तयार नाही. उघडला तेव्हा पिकाच्या वर गवत. आता डवरणी पाहिजे. बैलांमागे डवरे धरून दोन ओळींमधलं गवत काढायचं, आणि तेही वाफसा आहे, माती पायाला चिकटत नाही तोवरच. गावातल्या बैलजोड्या सगळ्या गुंतलेल्या. मी तीन घरं फिरले. जो तो म्हणाला, परवा येतो. आणि भावाची जोडी आपलं काम उरकून बाभळीखाली रवंथ करत बसलेली. मी मागितली नाही. त्याने दिली नाही. नवरा म्हणाला, "मी विचारतो ना." मी त्याला विचारू दिलं नाही. सायकलच्या चाकाचा हातडवरा आणला आणि आम्ही दोघांनी तो ढकलला, हाताला फोड येईपर्यंत. निम्म्या वावरात पोचलो तोवर पुन्हा आभाळ भरून आलं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणतात लोक. त्या दिवशी मला असलं काही शहाण्यासारखं सुचलं नाही. मला भावाचा संताप आला होता, सख्ख्या भावाचाच येतो तसा. उरलेल्या निम्म्या वावरात सोयाबीन कमी आणि गवत जास्त कापलं आम्ही.

थंडीत एकदा शेलूबाजारच्या बाजारात गेले होते. मेथी घेत होते. गावातली एक बाई समोरून आली आणि माझा हात धरून म्हणाली, "चांगलं झालं बाप्पा, भाचीचं जमलं! शिरपूरकडलं पोरगं हाय म्हने?"

मला काहीच माहीत नव्हतं. ही भाची झाली तेव्हा तिला पहिली आंघोळ मी घातली होती. मी म्हणाले, "हो ना, सोयरिक चांगली भेटली." बाई खूश होऊन गेली. मेथी विकणारी म्हणाली, "जुडी घेता का ठेवता?" मी घेतली, पिशवीत टाकली, आणि सुटे पैसे परत न घेताच जिपेत जाऊन बसले.

त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत मी नुसती तळमळत होते. आमच्याकडे घरात लग्न निघालं की आत्या आधी येऊन पडते. कुरड्या, पापड, शेवया तिच्याशिवाय होत नाहीत. तिला कुणी आवतन देत नाही. आवतन म्हणजे जेवायचं बोलावणं, ते परक्याला. बहिणीला नुसता निरोप जातो, कधी येतेस म्हणून, तोही रागावून. मी त्या निरोपाची वाट बघितली. वहिनीच्या अंगणात कुरड्या वाळत घातलेल्या मला रस्त्यावरून दिसल्या. त्या दिवशी मी परत येऊन खुराडं मोडलं आणि दुसऱ्या बाजूला बांधलं. त्याचं काही कारण नव्हतं.

चैत्रात जमीन तापली आणि आक्रसली. काळ्या मातीच्या भेगा वावरभर पडल्या, आणि एक भेग सरळ आमच्या भिंतीत चढली, पायापासून कवेलूंपर्यंत. तिच्यातून बाहेरचं ऊन दिसायचं. नवरा म्हणाला, "खिडकी एक मांगतली होती, दोन भेटल्या." घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. घर मी बघत होते. लग्न धुऱ्यापलीकडे होतं.

आम्ही दोघं घमेल्यात सिमेंट कालवून ती भेग लिंपत होतो तेव्हा भाऊ धुऱ्यावर आला. अंगात इस्त्रीचा सदरा. "जवाई," तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पोरीचं लगन हाय. तुमाले चूलबंद आवतन हाय."

चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवू नका, घरातल्या सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला या. एरवी घरटी एका माणसाला बोलावतात, त्यापेक्षा हे मोठ्या मानाचं. शेजाऱ्याला इतका मान दिला तर शेजारी खूश होतो.

नवरा माझ्याकडे वळलाच नाही. हातातली थापी त्याने घमेल्यात ठेवली. "हे मी नाही सांगत," तो म्हणाला. "तुमची बहीण हाय, तुमीच सांगा." आणि तो घरात निघून गेला.

आम्ही दोघं उरलो. भाऊ बाभळीकडे बघत होता.

"आयकलं ना?" तो म्हणाला.

"आयकलं. समद्या गावाले हेच देलं?"

"हो."

"म्हंजे मी गावातली झाली."

आता त्याने माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी. तोही बराच म्हातारा झालेला दिसला मला. "सही केली असती तं काय गेलं असतं तुहं?"

"वावर गेलं असतं."

"अन् आता काहीच नाही गेलं?"

सिमेंट हातावर वाळायला लागलं होतं. भाऊ धुऱ्यावरून उतरून गेला. भेग अर्धी लिंपायची राहिली.

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. जेवायला जावं, पाहुण्यांच्या पंगतीत बसून ताट पुढे करावं, हे मला जमणार नव्हतं. न जाणंही जमणार नव्हतं. सही करून यावी आणि त्याला नि मला दोघांनाही मोकळं करून टाकावं, असंही एकदा मनात आलं. पण सकाळी दार उघडलं आणि समोर नांगरून पडलेलं वावर बघितलं, आणि कळलं की तेही मला जमणार नाही. नवरा म्हणाला, "जाय ना मंग. बोलावन्याची वाट काहून पाहून राह्यली? ते तं पाहुन्यायले असते." मी तोंडावर पाणी मारलं आणि निघाले. लग्नाला अजून पाच-सहा दिवस होते.

वहिनी अंगणात होती. तिने मला बघितलं. या म्हणाली नाही, काहून आली असंही म्हणाली नाही. मी पदर खोचून उभीच. मग तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "हात धुऊन घ्या ताई, अन् हे गहू पाखडा. माह्या खांद्यात दम नाही उरला."

मी पाखडायला बसले. भाची आतून धावत आली, माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली, तिला मी उगीच रागावले. भाऊ मांडवाच्या बल्ल्या घेऊन आला-गेला, माझ्याकडे न बघता. दुपारी शिरपूरकडून नवऱ्या मुलाचे आजोबा आणि आणखी दोघं मांडव बघायला म्हणून आले. भावाने त्यांना खाटेवर बसवलं. आजोबांनी चहा बशीत ओतला, अंगणभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"हे कोन?"

"माही बहीण," भाऊ म्हणाला.

"कोन्या गावी देली?"

लेकीबाळींना जिथे तिथे विचारतात तो प्रश्न. माझा हात सुपातच थांबला. वहिनीनेही मान वर केली.

"अकोल्याले देली होती," भाऊ म्हणाला. मग त्याने घसा खाकरला. "आता इथंच राह्यते. नाल्याकडं तिचं वावर हाय."

त्याच्या आवाजात माया नव्हती. कसंबसं बोलून टाकावं तसं तो ते बोलला आणि मांडववाल्यांवर ओरडत उठून गेला. मी मान खाली घालून पाखडत राहिले, पण मला गहू दिसेनात.

"ताई, गव्हात पानी नोका पाडू," वहिनी म्हणाली. "चार दिवस वाळवले मी ते."