मिश्री न लावलेली सकाळ

वडील निपाणीच्या बाजारात हमाली करायचे. एका उन्हाळ्यात तंबाखूचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून उतरताना त्यांची कंबर गेली, आणि त्यानंतर ते उठले ते काठी धरूनच. मग घर आईच्या बोटांवर चाललं. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तीच बैठक. विड्या कारखान्यात नेल्या की तिथला माणूस वाकड्यातिकड्या वेचून बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही आणि छाट परतही मिळत नाही. आई घरी येऊन नुसती बोटं मोडत बसायची.

आमच्या घरात अंगाविषयी बोलणं व्हायचं ते दुखत असेल तरच. वडिलांची कंबर, आईचा खोकला, आजीचे गुडघे. जे दुखत नाही त्याची कुणी चौकशी करत नसे. म्हणून मी खो-खोत नाव काढलं, पुढं धावायला लागले, निपाणीत पदवीधर झाले, बी.पी.एड. केलं आणि शारीरिक शिक्षणात एम.पी.एड. करायला बेळगावला निघाले, तेव्हा गल्लीला काही कळेना. कॉलेजचं तोंड बघितलेली घरातली पहिली मीच. शेजारची आत्ती दारात उभी राहून म्हणाली, "पळायचं शिकाय बेळगावला? आमच्या म्हशीमागं पळ की गं, फुकट हाय."

आई म्हणाली, "जाऊ दे तिला. दोन वर्षं घर मी वडतो."

दोन वर्षं. तिसरं मागायचं मला तोंड नव्हतं, हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं.

बेळगावबाहेर पिरनवाडीत आम्ही तिघी मुलींनी मिळून खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत आमच्या मॅडमनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि दुसरं टोक माझ्याच छातीवर ठेवलं. मॅडम धारवाडकडच्या. त्यांचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं. "ऐक," त्या म्हणाल्या, "मग मैदानाला एक फेरी मार आणि परत ऐक."

मी ऐकलं. फेरी मारून आले आणि परत ऐकलं. इतकी वर्षं मी धावत होते, पण आत हे एवढं चाललंय याचा मला पत्ताच नव्हता. मी थांबले होते, पण ते थांबलं नव्हतं. पायांनी मागितलेलं रक्त ते अजून पोचवत होतं, आणि मग हळूहळू, कुणी न सांगता, आपणहून सावकाश होत गेलं. मी मॅडमना विचारलं, "याला कसं कळतं आता पुरे म्हणून?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "त्यासाठीच दोन वर्षं आहेत."

त्यानंतर मला साध्या गोष्टी साध्या दिसेनात. बसमध्ये पोर कडेवर घेऊन चढणारी बाई दिसली की पोटरी, मांडी, कंबर कशी एकामागून एक कामाला लागतात ते मी बघत राहायची. खोलीवरच्या मुली म्हणायच्या, "हिला देवळात नेऊ नका, मूर्तीचे स्नायू मोजंल."

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. मी विषय घेतला आमच्याच बायकांचा. दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईचं काळीज श्रमानंतर किती लवकर निवतं, हे बघायचं. त्याची रीत सोपी असते. आधी बसल्या जागी नाडी मोजायची. मग मोबाईलच्या टिकटिकीवर एका बाकावर चढायचं, उतरायचं. थांबलं की परत नाडी मोजत राहायची. आमच्या गावातल्या सुतारानं बाक करून दिलं आणि शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ते मांडलं.

बायका आल्या. पदर खोचला, आणि एकमेकींना बघून हसून हसून बेजार झाल्या. "आगं, ह्या वयात आमास्नी पाटावर चढवायलीस व्हय?" आत्ती म्हणाली. "पुढं नवरदेव बी उभा कर की मग." सासू व्हरांड्यात बसली असेल तर सून बाकावर चढेना, तिच्यापेक्षा उंच कसं व्हायचं म्हणून. सासूला आत पाठवावं लागायचं. सासवा खिडकीतून बघायच्या.

नियम मी सगळ्यांना सांगितला होता. सकाळी चहा नाही, खाणं नाही, तंबाखू नाही. तरी प्रत्येकीला बाकापाशी विचारायची, "तंबाखू?"

"न्हाय गं बाई. आम्ही काय गडी हाय व्हय?"

मी पुढं लिहायची.

सगळे आकडे घेऊन बेळगावला गेले. मॅडम कितीतरी वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बसलेल्या बाईची नाडी अशी असत नाही. एकीची असेल. सगळ्यांची? ह्या बायका पळत आल्या होत्या काय?"

"नाही मॅडम. आधी बसवून ठेवलं होतं."

"मग कुठंतरी चुकलंय. चूक सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती. ती हुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की मी परत घरी, सूप मांडीवर. मी मॅडमना तसं काही बोलले नाही. त्यांनीच माझ्या तोंडाकडं बघितलं असावं. रविवारी त्या स्वतः गावात आल्या.

मी परत बोलावलेल्या बायका व्हरांड्यात नंबर लावून बसल्या होत्या. मॅडमनी नोंदवही बघितली, बाक बघितलं, टिकटिक ऐकली. सगळं ठीक होतं. तेवढ्यात आत्ती नळावर गेली, चूळ भरली, आणि काळं पाणी थुंकून परत जागेवर येऊन बसली.

"ते काय होतं?" मॅडमनी मला विचारलं.

"काही नाही मॅडम, मिश्री."

"मिश्री म्हणजे?"

"दात घासायची असते. इकडं सगळ्याच बायका लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, मग कुटून..."

आणि मी तिथंच थांबले.

दहावीपर्यंत मी स्वतः तिनंच दात घासले होते. आमच्याकडं तंबाखू म्हणजे शेतातली, वखारीतली, सुपातली, गड्यांच्या गालातली. मिश्री चुलीपाशी डबीत असते, मिठाच्या शेजारी. बायका खोटं बोलल्या नव्हत्या. मीही खोटं लिहिलं नव्हतं. व्यायामशास्त्राची दोन वर्षं शिकून मला माझ्या घरातली डबी दिसली नव्हती. हिरडीतून चढणारी ती तंबाखू सगळ्यांच्या नाडीला सकाळपासून हाकत होती.

मॅडम रागावल्या नाहीत. "परत घे सगळं," एवढंच म्हणाल्या.

"एक सकाळ मिश्री लावायची न्हाय," असं मी सांगितलं आणि व्हरांड्यात गलका झाला. जणू मी भाकरीच बंद केली होती. "डोस्कं उठतंय माझं." "मला परसाकडंला हुईत न्हाय तिच्याबिगर." "तू काय तुझ्या परीक्षेसाठी आमास्नी मारतीस?" एकेक बाई पदर झटकून उठायला लागली. मला रडू यायच्या बेतात होतं.

आई तेवढी बसून होती. मला दुसरं काही सुचेना. मी स्टेथोस्कोप तिच्या कानात घातला आणि दुसरं टोक तिच्या छातीवर ठेवलं.

तिचा हात जमिनीवर टेकलेला होता, तो तसाच राहिला. उठलेल्या बायकाही थांबल्या.

"हे माझंच?" तिनं विचारलं.

"तुझंच."

"निजल्यावर बी चालतंय?"

"निजल्यावर पण. तू जन्मायच्या आधीपासनं."

ती परत ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बरं हाय. ह्यात छाट काढाय कोण न्हाय."

आत्तीनं हात पुढं केला. "आण हिकडं. माझं हाय का बगू." तिनं स्वतःचं ऐकलं, मग सुनेचं ऐकलं, मग सुनेला स्वतःचं ऐकवलं. सासूच्या छातीला कान लावल्यासारखी ती सून उभी होती, डोळे मोठे करून. नळी सगळ्यांच्यातनं फिरली. ज्यांना दुखण्याशिवाय स्वतःच्या अंगाची कधी खबर नव्हती, त्या बायका एकमेकींच्या काळजाचा आवाज ऐकत बसल्या होत्या.

शेवटी आई म्हणाली, "जिची पाळी तिनं त्या सकाळी डबी उघडायची न्हाय. दुपारी लावा काय लावायची ती."

त्या आल्या. दोघीतिघी डोकं धरून आल्या, शिव्या देत आल्या, पण आल्या. रोज थोड्या थोड्या करून मी सगळ्यांना परत तपासलं. बसल्या जागची नाडी खाली आली होती. सगळ्यांची. आईचं मनगट धरून मी मोजत होते आणि माझा माझ्या बोटांवर विश्वास बसत नव्हता. बाकावरून उतरल्यावर तिची नाडी धडधडली, आणि मग एकेक ठोका लांब लांब पडत गेला. इतकी वर्षं तंबाखूच्या उग्र भपकाऱ्यात बसलेलं ते काळीज एका सकाळची मोकळीक मिळाल्यावर लगेच निवायला तयार होतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं, पण बोटांखाली ते कळायला आईचं मनगट लागलं.

पहिले आकडे मी टाकून दिले नाहीत. मॅडमच म्हणाल्या, दोन्ही शेजारी शेजारी मांड. मिश्री लावलेली सकाळ आणि न लावलेली. व्हायव्हाला बाहेरून आलेले सर तेवढ्याच पानावर थांबले आणि त्यांनी सगळे प्रश्न त्याच्यावरच विचारले. मी कानडी, इंग्रजी, जे येईल त्यात उत्तरं दिली.

प्रबंध मुदतीत मंजूर झाला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी शारीरिक शिक्षण आणि व्यायामशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी होते, आणि ही मोठी पदवीही आमच्या घरात पहिल्यांदा मीच आणली.