माठाखालची अंडी

इंदूबाईच्या कोंबड्या कळमन्याच्या धान्यबाजारामागच्या भिंतीला चरतात. पोत्यांतून सांडलेली तूर, गहू, सोयाबीन. शेठाच्या सुनांपेक्षा माझ्या कोंबड्या चांगलं खातात, असं ती सगळ्यांना सांगते.

तीन वर्षं झाली, दर सोमवारी ती डझनभर अंडी टोपलीत घेऊन शेअर ऑटोनं कॉलेजात जाते. खायची नव्हेत, पिल्लू धरणारी. तिथं मिनल नावाची संशोधन करणारी पोरगी ती उबवणीच्या पेटीत ठेवते, दीड दिवसानं कवचाला खिडकी पाडते आणि मायक्रोस्कोपखाली पाहते. पिल्लाचं हृदय आधी सरळ नळीसारखं असतं, मग उजवीकडे वळतं. ते कसं वळतं, एवढाच तिचा प्रश्न.

"अन् डावीकडे वळलं तं?" इंदूबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तेच तर शोधून राहिली, मावशी."

त्यासाठी बाराही अंडी एकाच वयाची लागतात. यंदा चैत्रात तिथंच बिनसलं. काही अंड्यांत हृदय केव्हाच वळून ठोके देत असायचं, काहींत नळीचाही पत्ता नसायचा. सलग तीन सोमवार हेच. शेवटी मिनलनं खाली बघतच विचारलं.

"मावशी, रागावू नका. आणण्याआधी कोंबडी बसवता का यांच्यावर?"

कोंबडी बसलेलं अंडं ताजं म्हणून देणं, इंदूबाईच्या वस्तीत दुधात पाणी घालण्याहूनही नीच काम. मिनल घाईघाईनं सांगत होती की सर आता हॅचरीतून अंडी मागवणार आहेत, तिचा स्वतःचा तसा विश्वास आहेच, पण...

"सोमवारी एक खेप आणतो," इंदूबाई पदर खोचत म्हणाली. "मंग काय सांगायचं ते सांगजा सराले."

घरी धोंडबानं, तिच्या नवऱ्यानं, खाटेवरूनच निकाल दिला की त्यांची पेटीच बिघडली असणार. तिनं ऐकलं नाही. टिनाच्या छपराखालच्या टोपलीत चार-पाच दिवसांची अंडी साठलेली. एक उचलून तिनं गालाला लावलं. कोंबडीखालून आत्ताच काढल्यासारखं गरम. मग सासू आठवली. चैत लागला की ती कोंबडी बसवू देत नसे. म्हणायची, उन्हाळ्यात अंडं कोंबडीची वाट पाहत नाही. म्हणजे कोंबडी बसली नव्हती, यंदाचं कडक ऊनच बसलं होतं. बुधवारच्या अंड्यावर पाच दिवस, रविवारच्यावर एकच.

त्या आठवड्यात तिनं कोंबडी उठली रे उठली की अंडं उचललं. माठाखालच्या ओल्या रेतीत एक मडकं पुरलं, त्यात अंडी ठेवून वरून भिजलेलं बारदान टाकलं. दिवसातून तीनदा रेतीवर पाणी. सोमवारी दुपारी तेच मडकं ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेतलं, तर ऑटोवाल्यानं आवाज बारीक करून विचारलं, अस्थी कोणाच्या?

"अजून जन्मले नाहीत," इंदूबाई म्हणाली.

बुधवारी सकाळी ती पुन्हा कॉलेजात हजर. मिनल एकेक खिडकी उघडत होती, वहीत लिहीत होती. अकरावं झालं, बारावं झालं. मग तिनं स्टूल सरकवलं आणि इंदूबाईला बसायला सांगितलं. भिंगाखाली तिळाएवढं काहीतरी धडधडत होतं.

"वळलं काय हे?"

"वळलं. उजवीकडे. अकराही एकसारखी आहेत, मावशी."

"अन् बारावं?"

"ते मागे आहे."

"काबऱ्या कोंबडीचं असन. तिचं सारंच उशिरा."

मिनल हसली. मग हसू आवरून म्हणाली की आपण त्या दिवशी तसं विचारायला नको होतं. इंदूबाई डोळा भिंगाला लावूनच बसली होती. ऊन, टीन, रेती, सगळं तिनं तसंच, मान वर न करता सांगितलं. मिनलनं शब्दन् शब्द वहीत उतरवला.

"आता सरांना काय सांगू?"

"सांगजा, कोंबडी बसवली नव्हती." इंदूबाईनं रिकामं मडकं काखेत मारलं. "बाकीचं वहीत हाये."