वसुंधरेला बाहेर काढायची

सरोजिनीबाई बेहेऱ्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, तेव्हा त्यांना पहिली काळजी लागली ती सात वाजताच्या मालिकेची. शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, "आजी, आता काही दिवस पालथं झोपायचं. उठलात तरी मान खाली. बुडबुडा पडद्याला दाबून धरेल."

"आणि टीव्ही?"

"जमिनीवर ठेवता आला तर बघा," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर पुण्याचेच होते.

कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलमधल्या दिवाणावर गाद्या-उशांची रचना झाली. बाई पालथ्या, कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी, आणि नजरेसमोर दोन फरशा आणि त्यांच्यामधली सांध. टीव्ही त्याच खोलीत, पण पाठीमागच्या भिंतीवर. आवाज ऐकू यायचा. तेवढ्यावर भागेल असं त्यांच्या यजमानांना, गोपाळकृष्णरावांना वाटलं होतं.

गोपाळकृष्णराव कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाल्यापासून ते अभिमानाने सांगत आले होते की आपण आयुष्यात एकही मालिका पाहिलेली नाही. ते रोज संध्याकाळी सातला हॉलमध्ये फक्त पेपर वाचत बसत. सकाळचा पेपर. पान न उलटता.

पण मालिका नुसती ऐकून चालत नाही, हे पहिल्याच संध्याकाळी उघड झालं. सातच्या मालिकेत बोलणं कमी आणि बघणं जास्त. ढॅण् ढॅण् ढॅण् असा आवाज तीनदा झाला, की तीन माणसांचे चेहरे दाखवतात, एवढं बाईंना ठाऊक होतं. कोणाचे, ते कळेना.

"अहो, कोण आहे?"

"काकीसाहेब."

"चेहरा कसा झालाय?"

"नेहमीचाच."

"नीट सांगा ना!"

पेपर थोडा खाली आला. "भुवई वर गेलीय."

"कुठली? डावी की उजवी?"

"त्याने काय फरक पडतो?"

"डावी गेली की खिरीत काहीतरी कालवतात," बाई म्हणाल्या.

गोपाळकृष्णरावांनी चष्मा पुसला आणि निरखून पाहिलं. डावीच होती.

सातच्या मालिकेत वसुंधरा नावाची सून होती. ती इतकी चांगली होती की तिच्या चांगुलपणाचा शेजाऱ्यांनाही त्रास व्हावा. काकीसाहेब तिच्यावर आळ घेत, नवरा आईच्या तोंडाकडे बघे, आणि वसुंधरा खीर ढवळत राही. साडेआठला दुसरी मालिका लागायची. तिच्यात इन्स्पेक्टर महिपती खाडे होते. ते चहाच्या कपाच्या कडेवरून गुन्हेगार ओळखत.

त्या आठवड्यात वाहिनीने 'महासंगम' जाहीर केला. सातची आणि साडेआठची माणसं एकत्र येणार! बाईंनी सगळ्या सोसायटीला फोन करून सांगितलं. प्रत्यक्षात काय झालं? इन्स्पेक्टर खाडे काकीसाहेबांच्या घरी हळदीकुंकवाच्या दिवशी आले, दारात थांबून "वहिनी, तुमच्या हातची खीर म्हणजे अमृत" म्हणाले, दोन वाट्या खाल्ल्या आणि निघून गेले.

"गेले?" बाई उशीतूनच ओरडल्या. "खिरीत विष कालवणारी बाई समोर उभी, आणि हे खीर चापून गेले? आणि यांना काही झालं कसं नाही?"

"आज उजवी भुवई वर होती," गोपाळकृष्णराव म्हणाले.

ते ऐकून सरोजिनीबाईंना हसू आलं. पालथं झोपून हसताना फार त्रास होतो. पण त्या रागातून आणि त्या हसण्यातून त्यांचा स्वतःचा महासंगम सुरू झाला. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कोणाला कोणाशी जोडून दिलं म्हणजे काम होईल हे त्यांना बरोबर कळे. सातच्या मालिकेत वकील नव्हता, आणि समोरच्या वाहिनीवर एक चांगला वकील अशिलावाचून रिकामा बसला होता. नऊच्या ऐतिहासिक मालिकेत किल्ल्याखाली भुयार होतं, त्याचा कोणी उपयोग करत नव्हतं. बाईंनी वकील इकडे आणला. भुयाराचं दुसरं तोंड वसुंधरेच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलिंडरमागे काढलं.

"हे चालणार नाही," गोपाळकृष्णराव म्हणाले. "सतराव्या शतकातलं भुयार आणि सिलिंडर?"

"सिलिंडर नंतर ठेवलंय."

"आणि खाडे कोल्हापूरचे. त्यांना पुण्यात अटक करायची तर स्थानिक पोलिसांना कळवावं लागेल."

"मग कळवा. तुम्हाला कोणी अडवलंय?"

मग दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला गोपाळकृष्णराव स्वतःहून म्हणाले, "कळवलंय. आता वॉरंटचं बघू." बाईंनी फरशीकडे बघत मान हलवली. गेली कित्येक वर्षं त्या दोघांचं दुपारचं बोलणं 'चहा ठेवलाय' आणि 'घेतला' एवढ्यावर भागत होतं. आता चहा निवत होता आणि खटला चालू होता.

शनिवारी संध्याकाळी मात्र दोघांचं जुंपलं. बाईंना वसुंधरेला एकदाची घराबाहेर काढायची होती. गोपाळकृष्णरावांना आधी काकीसाहेबांवर आरोप सिद्ध करायचा होता. टीव्ही बंद होता. दार नुसतं लोटलेलं होतं, कारण खराडीहून सून यायची होती आणि घंटेला उठायचा कोणालाच उत्साह नव्हता.

"ते काही नाही," बाई कडाडल्या. "त्या मुलीला आता या घरातून बाहेर काढायचीच."

"अशी कशी काढणार? कारण काय दाखवणार?"

"ती सुखी नाहीये, हे कारण पुरत नाही? तोंडाने बोलत नाही, म्हणून आपण समजायचं नाही का?"

"आणि नवऱ्याचं काय?"

"त्याचं काय? शेळपट मेला! नुसता आईच्या तोंडाकडे बघतो. राहू दे एकटा, म्हणजे कळेल."

बाईंना दिसत होती फक्त फरशी. त्या फरशीवर दोन पावलं येऊन थांबली. निळे मोजे, एकाच्या अंगठ्याला भोक. ही अपूर्वा, त्यांची सून, मुलगा आमोदची बायको. तिच्या हातातली पिशवी खाली टेकली, आणि पिशवीशेजारी टप्पकन एक थेंब पडला.

"आई, तुम्हाला आमोदने सांगितलं ना?" अपूर्वाने विचारलं. "मी अजून हो म्हटलेलं नाहीये. पण तुम्ही मला असं बाहेर काढायची काही गरज नाही. मी काय—"

"थांब, थांब," गोपाळकृष्णराव गडबडीने उठले. "बाहेर काढायची ती वसुंधरेला."

"कोण वसुंधरा?"

"सातची," ते म्हणाले, आणि एवढ्याने पुरेसा खुलासा झाला असं समजून परत बसले.

अपूर्वाने नाक ओढलं. "शेळपट कोण?"

"तिचा नवरा," बाई म्हणाल्या. "आमोदला मी तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. हे बघ, आम्ही तुझ्याबद्दल बोलत नव्हतो. पण आता बोलू. कशाला हो म्हटलेलं नाहीस?"

"काही नाही, आई. नंतर सांगते."

"नंतर नाही. मला तुझं तोंड दिसू दे आधी."

आता तोंड दाखवायचं तर एकच मार्ग होता. अपूर्वाने ओढणी खोचली आणि सरळ दिवाणाच्या कडेखाली फरशीवर उताणी झोपली. इतक्या दिवसांत सरोजिनीबाईंना दिसलेला तो पहिला चेहरा. शस्त्रक्रियेच्या डोळ्याला सगळं पाण्यातून दिसावं तसं धूसर दिसत होतं, पण दुसरा डोळा ठणठणीत होता. पोरगी वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. दर आठवड्याला येत होती, सूप करून जात होती, आणि आपण तिच्याकडे वरून, घाईघाईने बघत होतो, असं बाईंना वाटून गेलं.

अपूर्वाने फरशीवरूनच सांगितलं. तिच्या कंपनीने बंगलोरला नवीन ऑफिस काढलं होतं. तिथली टीम तिने उभी करावी, दीड वर्ष राहावं, असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. तिला जायचं होतं. आमोद नाही म्हणाला नव्हता. "तुझा निर्णय आहे," म्हणाला होता, आणि तेव्हापासून घरातली कपाटं आपटून लावत होता.

"तुझ्या सासऱ्यांनीही असंच केलं होतं," बाई म्हणाल्या. "मला नागपूरला सुपरवायझर करत होते. हे म्हणाले, तुझं तू ठरव. आणि अंघोळीला गेले."

"मी नको म्हटलं नव्हतं," पेपरमागून आवाज आला.

"हो तरी कुठे म्हटलं होतं?"

पेपरची घडी झाली. गोपाळकृष्णराव काही क्षण घडीवर हात ठेवून बसले. मग उठले, त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "आमोद, इकडे ये. नाही, आई बरी आहे. तुझा निकाल लागलाय, तो ऐकायला ये."

आमोद आला तो वाहतुकीवर चिडत आला. हॉलमध्ये आई पालथी, बायको उताणी आणि वडील मध्ये खुर्ची टाकून बसलेले, हे बघून त्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने "मी कुठे अडवलंय?" म्हणून पाहिलं. "अडवलं असतंस तर भांडता तरी आलं असतं," अपूर्वा म्हणाली. मग तो हळूच बोलला, की घरी एकटं यायच्या विचाराने त्याला भीती वाटते. एवढंच होतं ते. कपाटं बिचारी उगाच मार खात होती.

"मग हे आधी सांगायचं," बाई म्हणाल्या. "भीती वाटते म्हटलं तर बायको समजून घेते. तुझा निर्णय म्हटलं तर काय समजायचं तिने?"

अपूर्वा पुढच्या महिन्यात बंगलोरला गेली. स्टेशनवर आमोद रडला, आणि डोळ्यात धूळ गेली असं म्हणाला. सरोजिनीबाईंचा डोळाही सावकाश सुधारला. टीव्ही बघायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांनी सातची मालिका लावली. वसुंधरा खीर ढवळत होती. बाईंनी पाच मिनिटं पाहिलं आणि आवाज बंद केला. "हिचं तर आपण कधीच मिटवलंय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आमोदचा फोन आला. तो डाळ-भात करायला शिकत होता.

"आई, अर्धा तास झाला. कुकरची शिट्टीच होत नाहीये."

बाईंनी फोन यजमानांकडे दिला. गोपाळकृष्णरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गॅस पेटवलायस का?" त्यांनी विचारलं.

पलीकडून लायटरचा टक् असा आवाज आला.