आठ कोरांची रोवणी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. संगणकावरच्या ‘नवीन फोल्डर’सारखे ते आपोआप साचतात. नाव देण्याचे राहून जाते आणि एके दिवशी लक्षात येते, की ‘नवीन फोल्डर अकरा’पर्यंत मजल गेली आहे!

लोकगीतांवर एम.ए. केल्यानंतर मी सिंदेवाहीतील एका लहान वाचनालयाचा ध्वनिसंग्रह पाहू लागले. तेथे आम्ही तिघेच. भास्करभाऊ पूर्वी झाडीपट्टीतील नाटकांचा साऊंड सांभाळत. आता आमचा संगणक सांभाळतात. कुंदाबाईंना मूल गावापासून पोंभुर्ण्यापर्यंतच्या पट्ट्यातील प्रत्येक गाणारी बाई नावानिशी ठाऊक. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्या स्वतःही बांधीत, भाताच्या खाचरात, उतरतात. तिसरी मी. माझ्याकडे नोंदवही.

पुढचे बहुतेक किस्से एकाच आठवड्यातील आहेत. कुंदाबाईंची थोरली बहीण मैनाबाई ही रोवणीच्या गाण्यांत आघाडी धरणारी. मागच्या हिवाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले, वाचा गेली. आमच्या संग्रहात तिचा आवाज तासन्‌तास होता. पण तो अवजड वेव्ह फायलींत, आणि तिच्या लहानशा स्पीकरच्या मेमरी कार्डावर त्या मावेनात. सर्वांचे एमपी-थ्री करणे भाग होते. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तिचा मुलगा तिला सिरोंच्याला स्वतःच्या घरी नेणार होता.

कुंदाबाई एवढेच म्हणाल्या, “मॅडम, बाई जाईन तं तिचा आवाज तिच्यासंगं गेला पायजे.”

*

सोमवारी रूपांतर सुरू केले. संगणक जुना, त्यात खरखर काढून टाकण्याचे कामही सोबतच चाललेले. संध्याकाळपर्यंत जेमतेम पाच फायली झाल्या. मी हिशेब मांडून पाहिला. या वेगाने शुक्रवार नव्हे, पुढचा बुधवार उजाडला असता.

भास्करभाऊंनी पडद्यावर आठ चौकटी उघडल्या. संगणकाच्या मेंदूत आठ कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारे आठ भाग, असल्याचे त्यांनी समजावून सांगितले. एका चौकटीत रेघ माथ्याला टेकली होती. उरलेल्या सात चौकटींत ती तळाशी निजली होती.

कुंदाबाई चष्मा पुसून जवळ आल्या.

“म्हंजे सात बाया धुऱ्यावर बसून राह्यल्या, अन् एकच रोवून राह्यली? काऊन?” त्यांनी विचारले. धुरा म्हणजे बांधीचा बांध.

“त्याईले कोणी सांगितलंच नाई ना, बाई!” भास्करभाऊ म्हणाले.

“मंग सांगा ना! तोंड नाई का तुमाले?”

*

सांगणे सोपे नव्हते. भास्करभाऊंनी प्रथम एकच लांबलचक गाणे घेतले, त्याचे आठ तुकडे केले, प्रत्येक कोरला एक दिला आणि शेवटी सारे जोडले. वेळ खरोखर वाचला. मी नोंदवहीत ‘यशस्वी’ असे लिहिलेसुद्धा!

गाणे लावले. दर जोडापाशी बारीकसे ‘टक्’ होई आणि सूर जणू ठेच लागून पुढे जाई.

कुंदाबाईंनी डोळे मिटून सातही ‘टक्’ मोजले. “भाऊ, एका बाईचा श्वास आठ जणीत वाटता का? एकेक बांधी एकेकीले द्या. आपापली रोवतीन.”

त्यानंतर आम्ही प्रत्येक कोरला एक अखंड फाइल देऊ लागलो. नोंदवहीतील ‘यशस्वी’ खोडले आणि खोडल्याची नोंद केली.

*

मंगळवारी चाचणीसाठी लग्नगीतांचा एक लहान संच आठही कोरांवर सोडला. भास्करभाऊंनी फायलींना मोठ्या हौसेने क्रमांक दिले: जी आधी तयार होईल ती एक, नंतरची दोन. अर्थातच सर्वांत छोटे गाणे सर्वांत आधी संपले.

रोज पेपर वाचायला येणारे वृद्ध गोविंदभाऊ तो संच ऐकत बसले. दोन गाणी झाली, आणि ते गंभीरपणे उठून माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, पयले पाळणा आला, मंग हळद. आमी कोणाले काही बोलत नाई म्हना... पन हे कोणाच्या घरचं लगन होय?”

*

आठही कोर कामाला लागले, की संगणकाच्या पाठीमागून कढत वारा येतो. झडीच्या, म्हणजे संततधार पावसाच्या, दिवसांत आमच्याकडे सादळलेली काडी कधीच पेटत नाही. कुंदाबाईंनी काड्यापेटी त्या वाऱ्यात ठेवून पाहिली. पहिलीच काडी पेटली!

तेव्हापासून चहाची वेळ जवळ आली, की भास्करभाऊंना रूपांतराची विलक्षण निकड जाणवू लागते.

*

आठ कोर म्हणजे आठपट वेग, असा माझा समज होता. बुधवारी तो दूर झाला. चौकटींमधील रेघा उसळत आणि पुन्हा कोसळत. सगळ्या फायली एका जुन्या, बाहेरून जोडलेल्या डिस्कवर होत्या आणि तिच्यातून त्या फार सावकाश येत.

मी हे आकृती काढून समजावत होते. कुंदाबाईंनी आकृतीकडे पाहिलेही नाही.

“रोवणाऱ्या आठ, अन् पऱ्हे आणून देणारा एकच मानूस. तोयी म्हातारा! बाया काय करतीन? कंबरेवर हात ठेवून उभ्या राहतीन.”

भास्करभाऊंनी सर्व फायली संगणकाच्या आतील नव्या डिस्कवर आणल्या. कुंदाबाईंच्या शब्दांत सांगायचे, तर पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, बांधीतच नेऊन ठेवले. आठही रेघा माथ्याला टेकल्या आणि तेथेच राहिल्या. गुरुवारी दुपारी शेवटची फाइल तयार झाली. जवळजवळ एक दिवस हाताशी राखून!

त्या संध्याकाळी संगणकाचा पंखा बंद झाल्यावर खोलीत जी शांतता उतरली, ती मला अजून आठवते. खिडकीबाहेर पाण्याने भरलेल्या बांध्या होत्या आणि प्रत्येकीत आकाशाचा एकेक तुकडा. या यंत्रातही कोठेतरी आठ जणी आता कंबर सरळ करून उभ्या असतील, असे मला वाटले. नोंदवहीत अर्थातच मी तसे लिहिले नाही.

*

शुक्रवारी सकाळी आठ वाजताच मैनाबाई आली. काठी टेकत खोलीच्या मधोमध उभी राहिली. खुर्ची दिली, तरी बसली नाही. भास्करभाऊंनी कार्ड स्पीकरमध्ये घातले. तिचा आवाज खोलीभर पसरला. स्वच्छ. खरखरीचा मागमूस नाही.

मैनाबाईने तळहात वर केला आणि हलवला. नाही.

दुसरे गाणे लावले. पुन्हा तोच तळहात.

“आवाज तं बाईचाच होय,” भास्करभाऊ गोंधळून म्हणाले.

कुंदाबाई कान देऊन ऐकत होत्या. मग एकाएकी माझ्याकडे वळल्या. “मॅडम, मदातलं उगं राहनं कुठी गेलं?”

मला लगेच उमगले. प्रत्येक ओळीनंतर क्षणभर कोणी गात नसे. फायली आणखी लहान व्हाव्यात, म्हणून मी ‘शांतता वगळा’ या पर्यायावर खूण केली होती. नोंदवहीत तारखेसह नोंद होती, अक्षरही सुवाच्य.

“तिथी काई नव्हतं, कुंदाबाई,” मी कसेबसे म्हणाले. बोलता बोलता ‘तेथे’ऐवजी मीही त्यांच्यासारखी ‘तिथी’ म्हणून गेले.

“नव्हतं कसं? एक ओळ म्हनाची, पऱ्हे रोवाचे, मंग उगं राहून एक पाऊल मांगं सरकाचं. तुमी तं तिले जाग्यावरच उभी करून ठेवली!”

साडेआठ वाजले होते. मी खूण काढून टाकली. खरखर काढलेल्या मूळ फायली जपून ठेवल्या होत्या; त्यांचे फक्त एमपी-थ्री नव्याने करायचे होते.

“एकाच कोरवर टाकलं तं बाई सिरोंच्यात म्हातारी होऊन जाईन,” भास्करभाऊ म्हणाले.

“ते म्हातारीच आहे,” कुंदाबाई म्हणाल्या. “उतरवा साऱ्याईले बांधीत.”

आठही रेघा वर गेल्या. पंख्याचा घूं घूं आवाज खोलीत भरला. मैनाबाई पडद्याकडे पाहत राहिली. चौघांचा चहा तसाच निवला. अकरा वाजता तीन चौकटी रिकाम्या झाल्या, मग पाच, मग सात. एकीत रेघ अजून वरच होती. सर्वांत लांब गाणे तिच्या वाट्याला आले होते. बाहेर जीप येऊन थांबली. मुलगा दारापर्यंत आला आणि आम्हां सर्वांची तोंडे पाहून जीपपाशी परत जाऊन थांबला.

बाराला सात मिनिटे असताना आठवी रेघ खाली आली.

भास्करभाऊंनी कार्ड भरून तेच लांब गाणे लावले. पहिली ओळ. मग शांतता, जिच्यात लांबवर कोठेतरी पाणी चुबकल्याचा आवाज होता. मैनाबाईने काठी भिंतीला टेकवली आणि एक पाऊल मागे घेतले.

दुसरी ओळ. एक पाऊल.

कुंदाबाई तिच्या पाठीमागे गेल्या आणि पाठीला न टेकवता हात धरून राहिल्या. भास्करभाऊंनी स्पीकर दोन्ही हातांत उचलला आणि तिच्यासमोर, तिच्याच लयीत, एकेक पाऊल पुढे येऊ लागले. उंबरठा आला. कुंदाबाई हळूच म्हणाल्या, “धुरा हाये, बाई.” मैनाबाईने मागे न पाहता पाय उचलून ओलांडला. मग ओसरी. मग चिखलाचे अंगण.

जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवण्यासाठी हात उचलला.

“थांब गा भाऊ,” कुंदाबाई म्हणाल्या. “बांधी सरू दे.”