बाळारामची बंदूक खात नाही

बंदुकीच्या दुकानात रोज बसणाऱ्या माणसाकडे किस्से साचतात, त्याला इलाज नाही. गिऱ्हाईक बंदूक आणतं, मिस्त्री दुरुस्त करतो, गिऱ्हाईक ती घेऊन जातं. सोबत आलेली गोष्ट परत न्यायला मात्र कुणी येत नाही! ती माझ्या डोक्यात राहते. माझं शिक्षण चौथी, त्यामुळे डोक्यात जागा भरपूर.

दुकान भालूकाकाचं. शिळफाट्यावरचा लायसनवाला बंदूक-मिस्त्री. मी त्याचा कुणीच नाही. आधी कारखान्यात लेथ चालवायचो, आता त्याच्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खेचतो. पण गेल्या हिवाळ्यात बाळारामच्या बंदुकीनं पाच दिवस मलाही कामाला लावलं होतं. ते सांगतो.

*

बुधवारी सकाळी बाळाराम बंदूक खांद्याला अडकवून दुकानात आला. चेहरा पार उतरलेला. हा खालापूरकडच्या एका टाऊनशिपचा गनमन. टाऊनशिप ज्या जमिनीवर उभी आहे त्यात त्याची भाताची खाचरंही गेली, आणि त्याच खाचरांच्या जागी झालेल्या गेटवर हा वीस वर्षं उभा. दुसरं काही हातात नाही.

"काका, नवीन सिक्युरिटी ऑफिसर आलाय. मला बोल्ला, काडतुसं भरून, न उडवता नुसता खटका वढून दाखव. पयलं आत गेलं, दुसरं अर्ध्यात अडाकलं! रविवारी टेस हाय. पाच काडतुसं सलग उडवायची. एक जरी अडाकलं तरी सोमवारपासून येऊ नको बोल्ला."

बंदूक सेमी-ऑटोमॅटिक, बारा बोअरची. जुनी दुनळी देऊन दोन वर्षांपूर्वी घेतलेली. एक बार झाला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि खालच्या मॅगझिनच्या नळीतलं पुढचं आपोआप वर चढतं. चढायला पाहिजे!

भालूकाकानं बंदुकीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "नाना, खरं सांग. तू काही केलंस?"

आता मी लोकांच्या चपला बदलतो, चहात मीठ टाकतो, हे कबूल. पण बंदुकीला कधी बोट लावत नाही. तरी भिंतीवर पाटी आहेच: 'भरलेली बंदूक टेबलावर ठेवू नये. नानाला रिकाम्या बंदुकीजवळही बसवू नये.'

*

काकानं मॅगझिनची नळी उघडली, स्प्रिंग काढली आणि नळी कागदावर उलटी केली. तांदळाचे दाणे पडले! मागून झेंडूची वाळलेली पाकळी. मग हळद.

"बाळाराम, हे काय रे?"

"दसऱ्याची पूजा, काका. घरवालीनं केली."

"बाहेरून करतात पूजा! आत अक्षता कशाला भरल्या?"

बाळारामनं तिथूनच घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. हिराबाई पलीकडून खणखणीत बोलली, "मंग? काडतुसं तिकडनंच घालता ना तिला? तोंड तेच ना तिचं? निवेद तोंडातच देत्यात!"

काकानं नळी पुसली. स्प्रिंग बसवली आणि बंदूक परत दिली.

*

गुरुवारी पहाटे सहाला गेटवर काडतुसं चढवताना बंदूक पुन्हा अडकली. बाळाराम धावत आला. काकानं बारा वाजता डमी, म्हणजे बिनदारूची, काडतुसं घालून पाहिलं तर एकदम सुरळीत! एकामागून एक, वीस वेळा.

"सकाळी अडाकते, दुपारी चालते," बाळाराम घाम पुसत म्हणाला. "काका, कुणी काय केलं तर नसंल?"

परत दोघं माझ्याकडे बघायला लागले. आता मात्र मला भीती वाटली. रविवारी ह्याची नोकरी गेली असती तर सगळ्या खालापूर तालुक्यानं माझं नाव घेतलं असतं! मी पहिल्यांदाच स्टूल सोडलं आणि बंदुकीला वाकून नाक लावलं.

"भालू, ह्या बंदुकीनं आंघोळीआधी डोकं चोळलंय."

खोबरेल! डबाभर खोबरेल आत ओतलेलं. घाटाखालची थंडी, पहाटे तेल थिजतं, काडतूस आत ढकलणारा बोल्ट जागीच रुतून बसतो. ऊन चढलं की तेल वितळतं आणि बंदूक चालते.

"अरे गाढवा, खोबरेल?" काका ओरडला.

"गंज लागू नये म्हणून, काका! हिराबाई तीस वरसं लावतेय, तिच्या केसाला गंज लागलाय का?"

*

शुक्रवारी रॉकेलनं धुतलेली, नीट तेल दिलेली बंदूक तयार. डमी काडतुसं सकाळी चालली, दुपारी चालली. मग बाळारामनं खिशातली स्वतःची काडतुसं घातली. दुसऱ्यालाच अडकली.

काकानं एक काडतूस उजेडात धरलं. रोज भरायचं, रोज काढायचं, असं करून तोंडाच्या घड्या सुटलेल्या, पावसाळ्यांची दमट हवा खाऊन ते फुगलेलं. पितळ हिरवं पडलेलं.

"कधीची आहेत ही?"

"दुनळी घेतली तवाची. थोरली पोर बालवाडीत जायची तवा."

"आणि आता?"

"आता तिची पोर बालवाडीत जाते."

काकानं डोक्याला हात लावला. लायसनवर नवीन काडतुसं घेऊन दिली. टेस्टला आता फक्त एक दिवस उरला होता.

*

शनिवारी आम्ही पळसदरीच्या अलीकडे एका क्लबच्या शूटिंग रेंजवर गेलो. काकानं पाच काडतुसं भरली. धाड, धाड, धाड, धाड, धाड. कुठेच अडलं नाही.

मग बाळाराम. एक बार, दुसरं अर्ध्यात. पुन्हा काकानं उडवली, ठीक. पुन्हा बाळाराम, अडकली!

काका खालीच बसला. "सगळं उघडलं, नाना. आता काय उघडू?"

मी बंदुकीकडे बघतच नव्हतो. मी बाळारामकडे बघत होतो. दस्ता खांद्यापासून चार बोटं लांब, मान मागे, टाचांवर उभा. परक्याचं ओलं पोर धरावं तशी धरलेली! ह्या जातीच्या बंदुकीला मागे भक्कम खांदा लागतो. खांदाच मागे पळाला तर आतला बोल्ट पुरता मागे जात नाही, मग पुढचं काडतूस वर कसं येणार?

"बाळाराम, वीस वर्षांत ही किंवा ती दुनळी, किती वेळा उडवलीस रे?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "आज पयल्यांदा."

काकानं त्याला पाय पुढे घ्यायला शिकवलं, वजन पुढे घ्यायला शिकवलं. काही जमेना. शेवटी मी ओरडलो, "अरे, पनवेलच्या एसटीत सीट धरायला घुसतोस तसा घुस!"

घुसला! तीन बार सलग गेले. चौथ्याला पुन्हा मागे सरकला. तेवढ्यावर सरावाची काडतुसं संपली. पिशवीत राहिली ती टेस्टची पाचच.

*

रविवारी सकाळी तीच रेंज. सिक्युरिटी ऑफिसर हातात पॅड घेऊन आला. समोर बांधावर त्यानं एक मडकं ठेवलं. हिराबाई पण आली होती, पदर तोंडात धरून. काका माझ्या शेजारी उभा.

"पाच राऊंड. थांबायचं नाही. सुरू करा."

बाळारामनं पाय पुढे टाकला. एक. रिकामं काडतूस उडालं, दुसरं वर चढलं. दोन. तीन. चौथ्याला त्याचा खांदा मागे गेला, मी स्वतः पाहिलं! आत काहीतरी रेंगाळलं. काकानं डोळे मिटले. एक श्वासभर कुठलाच आवाज नाही. मग खट झालं आणि पाचवं वर चढलं.

पाच!

हिराबाईनं तोंडातला पदर सोडला. ऑफिसरनं पॅडवर पाच बरोबरच्या खुणा केल्या, खाली सही ठोकली, पेन खिशाला लावलं. मग सहज बांधाकडे बघितलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो, पाच बार मारलेत. मडकं तर जसंच्या तसं आहे!"

बाळारामनं बंदूक रिकामी करून दाखवली, खांद्याला अडकवली आणि ताठ उभा राहिला.

"सायेब, वीस वरसं तुमच्या गेटावर हाय. तिथलं तरी आजपातूर काय फुटलंय?"