हळू आवाजातला दर

तुमच्या शेजारचा माणूस केबलचे महिन्याला किती पैसे देतो, हे तुम्हाला माहीत आहे का?

माहीत नसणार. त्याच्या सुनेचं माहेरी कशावरून बिनसलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या मुलाला बारावीला किती टक्के पडले आणि तो बाहेर किती सांगतो, हेही माहीत आहे. काल त्यांच्याकडे मटण होतं की वांगं, ते तुम्ही नुसत्या वासावरून सांगाल. केबलच्या दराचा विषय निघाला की मात्र सगळी गल्ली अचानक सभ्य होते. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत आपण कशाला पडा!

नव्वदीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा जालन्यात मस्तगडच्या मागच्या आमच्या गल्लीत मी हाच प्रश्न देवळाच्या ओट्यावर उभं राहून विचारला होता. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. एका प्रश्नाने अख्खी चळवळ जागच्या जागी गार पडताना मी पाहिली.

वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नसराईत पत्रिका, बाकी वर्षभर पत्रकं. मोर्चाची, उपोषणाची, एका पक्षातून दुसऱ्या पक्षात का गेलो याच्या खुलाशाची. बिघडलेल्या प्रती घरी यायच्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायचे. पान उलटलं की मागे 'जाहीर निषेध'. लिहायला शिकायच्या आधीच निषेध कसा करायचा ते मला कळलं होतं.

आई घरी शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिची मशीन आणि समोर टीव्ही. दुपारची मालिका लागायच्या वेळेला गल्लीतल्या बाया येऊन बसायच्या. त्यांच्या घरी टीव्ही नव्हते असं नाही. टीव्ही होते, पण सासवाही होत्या. मालिकेतल्या सासूवर मोकळेपणाने तोंडसुख घ्यायचं तर घरच्या सासूपासून चार घरं लांब बसावं लागतं. आणि रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊन बसणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येक बाई येताना काहीतरी आणायची. ब्लाउजपीस, फॉल लावायची साडी, उसवलेला परकर. आईचा धंदा असा चालायचा. टीव्ही बंद पडला असता तर ते कापड बाजारातल्या नव्या लेडीज टेलरकडे गेलं असतं.

आता केबलवाला. मोटारसायकलच्या हँडलला काळ्या वायरचं वेटोळं, गळ्यात चेन, आणि दारोदारी एकच नाटक. आधी तो एक मोठा आकडा सांगायचा. घरातला माणूस कळवळायचा. मग हा इकडेतिकडे बघायचा, आवाज पार खाली आणायचा आणि म्हणायचा, "काका, बाकीच्यायला न्हाई. तुमच्याकडं बघून करून राह्यलो. बाहेर बोलू नका बिलकुल." काका कृतार्थ व्हायचे. आपल्याला स्वस्त पडलं याचा आनंद थोडा, शेजाऱ्याला महाग पडलं याचा जास्त.

आमच्या गच्चीवर त्याने पत्र्याची एक पेटी बसवली होती. तिला बूस्टर म्हणायचे. आमच्या आणि पुढच्या दोन गल्ल्यांना चित्र त्या पेटीतून जायचं, आणि पेटी चालायची आमच्या मीटरवर, जिन्यातल्या प्लगवरून. त्याबद्दल आईला सवलत होती. तीही अर्थात, बाहेर बोलायचं नाही या अटीवर.

एका महिन्याला तो आला आणि प्रत्येक दारात वाढीव दर सांगून गेला.

"वरून वाढवलं काकू. माझ्या हातात काय न्हाई."

वर म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. आमच्या वर तर आमचीच गच्ची होती आणि तिच्यावर आमच्याच विजेवर चालणारी त्याची पेटी.

आईने तो दर ब्लाउजांत मोजला. आधीच महिन्याचे काही ब्लाउज केबलसाठी शिवले जायचे, आता त्यात आणखी तीन ब्लाउजांची भर.

"मग टीव्हीच बंद करू," मी म्हणाले.

"आन् बाया कुठं बसतील? त्या टेलरच्या मांडीवर?"

मी पत्रक लिहिलं. 'केबलच्या मनमानी दरवाढीविरुद्ध नागरिकांनो एक व्हा', आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. वडील छपाईचे खिळे जुळवायला बसले आणि मध्येच थांबले.

"उद्गारचिन्हं संपली," ते म्हणाले. "खणात होती तेवढी पहिल्या दोन ओळीतच लागली. आता एक तर राग कमी कर, न्हाई तर पूर्णविराम घे."

खालचा मजकूर पूर्णविरामांनी भागवला. राग कमी केला नाही.

सभेला गर्दी झाली. देवळाच्या ओट्यावर पुढेच निवृत्त गुरुजी बसले होते. गल्लीतला कुठलाही सौदा आपणच सगळ्यात चांगला करतो, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनीच पसरवली होती. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. टाळ्या. किराणा दुकानदार म्हणाले, "लूट हाय ही सरळसरळ." पुन्हा टाळ्या. मी उठले आणि म्हणाले, "आपण सगळ्यांचा मिळून एकच दर ठरवू आणि तेवढाच देऊ. त्यासाठी आधी प्रत्येकाने सांगावं, सध्या आपण किती देतो?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. दुकानदाराला दुकान आठवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आकडा काय करायचा, आकडा? अन्याय तर अन्यायच हाय ना?"

"पण किती अन्याय?"

"पोरी, तू लई वैयक्तिक बोलू राह्यली," गुरुजी म्हणाले.

सभेने केबलवाल्याचा एकमताने निषेध केला, एक समिती नेमली आणि सगळे जल्दी घरी गेले, कारण बातम्या लागायच्या होत्या. केबलवर.

दुसऱ्या दिवसापासून समितीचे सदस्य एकेकटे केबलवाल्याला भेटले. त्याने प्रत्येकाला वाढ अर्धी माफ केली, फक्त त्याच्याकडे बघून, बाहेर न बोलायच्या अटीवर. लोक एवढे खूश झाले की राहिलेली अर्धी वाढ त्यांनी आनंदाने भरली. माझं पत्रक मात्र त्याने नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि आमचं कनेक्शन तोडलं. पेटी आमच्या गच्चीवरच राहिली. आमच्या विजेवर तीन गल्ल्या मालिका बघत होत्या आणि आमच्या टीव्हीवर मुंग्या.

दुपारच्या बाया दुसऱ्या गल्लीत जाऊन बसायला लागल्या. कापड येईनासं झालं. पायाला सवय म्हणून आई जुन्या चादरींना टीप मारत बसायची. मी दुसऱ्या पत्रकाचा मसुदा करत होते.

आठव्या दिवशी मालिकेच्या जरा आधी आई उठली, जिन्यात गेली, बूस्टरचा प्लग काढला आणि त्या जागी इस्त्रीचा लावला. मग येऊन मशीनवर बसली.

थोड्याच वेळात बाया यायला लागल्या. तीन गल्ल्यांचे टीव्ही गेले होते, आणि पेटी कुणाच्या गच्चीवर आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानदारीण आली, कोपऱ्यावरच्या घरातली भाभी आली, गुरुजींच्या घरच्याही आल्या. आई म्हणाली, "बसा." खोली भरली. शेवटी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"काकू, लाईट हाय ना?" केबलवाल्याने दारातूनच विचारलं.

"हाय की."

"मंग बूस्टर बंद कसं?"

"इस्त्री लावली. प्लग एकच हाय."

"किती टाईम लागंल?"

"लागंल. सध्या काम कमी हाय ना, हात हळू चालू राह्यला."

त्याने खोलीभर बसलेल्या बायांकडे पाहिलं. आत आला, आईच्या कानाशी वाकला आणि त्याचा तो दारोदारचा आवाज काढला. नेमकं तेव्हाच आईने पायडल मारलं. आमची मशीन जुनी, सुरू झाली की भिंतीवरची भांडी हलायची.

"काय?" आई म्हणाली.

तो जरा मोठ्याने बोलला. मशीन आणखी जोरात.

"ऐकू येत न्हाई बाबा!"

"मशीन थांबवा ना काकू!"

"ही टीप संपू दे. मधीच थांबलं तर उसवतं."

टीप काही संपेना. चादर डबल बेडची होती. शेवटी तो ओरडला, "तुम्हाला फुकट देतो म्हणलं! जिंदगीभर फुकट! कुणाला सांगू नका!"

हे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मशीन थांबली.

"फुकट?" दुकानदारीण म्हणाली. "मला तर म्हणलास, सगळ्यात कमी तुमचंच हाय!"

"मेरे को भी यहीच बोला था," भाभी म्हणाली. "कसम दे के बोला!"

मग जे माझ्या सभेत झालं नाही ते पाच मिनिटांत झालं. प्रत्येकीने आपला आकडा सांगितला. सगळ्यात जास्त गुरुजींच्या घरचा निघाला. "आमच्या ह्यांनी तर तासभर घासाघीस केल्ती," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"मला फुकट नको," आई म्हणाली. "सगळ्यायचा एकच दर सांग. आन् आत्ता बोललास तसाच बोल, वरडून."

"सगळ्यायला कमी केलं तर मी काय खाऊ काकू?"

"मी हे आठ दिवस जे खाल्लं ते खा."

त्याने जुन्या दरांतला सगळ्यात खालचा आकडा सांगितला. दुकानदारणीने तो परत म्हणायला लावला. त्याने आमची वायर जोडली, आईने इस्त्री काढून त्याचा प्लग लावला. मालिका अर्धी गेली होती, पण कुणी उठलं नाही. भाभीने जाताना उद्या दोन ब्लाउजपीस आणते म्हणून सांगितलं.

हे तिने ठरवून केलं होतं का, असं मी आईला पुष्कळदा विचारलं. ती म्हणते, मशीनला तेलच नव्हतं. माझं दुसरं पत्रक छापलं गेलं नाही.

एवढ्यावर ही विजयगाथा थांबवता आली असती. पण संध्याकाळी गुरुजी आले. चेहरा उतरलेला.

"सगळ्यायला सारखंच?" ते म्हणाले. "मंग माझ्या ओळखीचा उपयोग काय?"

"गुरुजी, तुमचे पैसे तर सगळ्यात जास्त वाचले."

"ते बराबर हाय. पण वाचल्यासारखं वाटंना."

पुढच्याच आठवड्यात ते केबलवाल्याशी कोपऱ्यावर मान खाली घालून बोलताना दिसले. त्यांना थोडी सूट मिळाली असेल किंवा नसेल. मला कळायचं काही कारण नाही.

आता केबलवाला थकला आणि घरोघरी मोबाईल आले. कुंभार पिंपळगावहून मामाचा फोन येतो, "मला कंपनीने स्पेशल स्कीम देली, फक्त माझ्या नंबरला. कुणाला सांगू नको." तीच स्कीम कंपनीतली मुलगी मला फोन करून गोड आवाजात देते, फक्त माझ्या नंबरला. इंटरनेटवालाही वाढ सांगताना वर बोट दाखवतो. फरक एवढाच की आता पेटी कुणाच्या गच्चीवर आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि प्लग काढायला जिना नाही. उरला तो आपला आवाज.

म्हणून माझी एक विनंती आहे. हे वाचून झालं की उठा आणि शेजारच्या दारात जा. केबलचे, मोबाईलचे, नेटचे तुम्ही किती देता ते मोठ्याने सांगा आणि त्यांना विचारा. ते इकडेतिकडे बघतील, आवाज खाली आणतील. तुम्ही आणू नका.